शिंदीची पात आणि केरसुणी : एका दुर्लक्षित कारागिरीचा परिचय

आश्विन अमावास्येस लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवी केरसुणी हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पूजिली जाते. ती वळणारे मातंग समाजातील हात मात्र परंपरेने गावकुसाबाहेरचे होते. प्रस्तुत लेखात केरसुणीच्या कच्च्या मालाचा व घडणीचा विचार केला असून या विसंगतीचीही नोंद घेतली आहे.

देशावरील केरसुणी प्रामुख्याने शिंदीच्या, म्हणजे फिनिक्स सिल्वेस्ट्रिसच्या, पातींची असते. कोकणात व गोव्यात नारळाच्या झावळीचे हीर काढून त्यांची जुडी बांधतात. दोन्ही वृक्ष एकाच ताडकुलातील. परंतु शिंदीची संपूर्ण पात उपयोगी पडते, तर नारळाच्या पातीची केवळ मध्यशीर.

या भेदाचे मूळ पानाच्या अंतर्रचनेत आहे. ताडवर्गीय वनस्पती एकदल असल्याने पातीतील शिरा समांतर धावतात. या शिरांना जाड भित्तिकांच्या, लिग्निनयुक्त दृढपेशींच्या जुडग्यांचा आधार असतो. हेच ताडाचे तंतू. त्यामुळे शिंदीची वाळलेली पात आडवी सहसा तुटत नाही, उभी मात्र सहज चिरते आणि चिरलेल्या प्रत्येक धाग्यात तंतूंचे बळ शिल्लक राहते. शेणाने सारवलेल्या जमिनीवरचे पीठ व बारीक धूळ सारवण न उकरता गोळा करावयाची, तर असाच मऊ, दाट झुबका हवा. हीर चिरत नाहीत, ताठ राहतात. म्हणून ते ओल्या अंगणाला व गोठ्याला योग्य.

शिंदीच्या पानाच्या तळाकडील पातींचे काट्यांत रूपांतर झालेले असते. ते टाळून पाने तोडणे हीच पहिली जिकिरीची पायरी. पाती वाळवून, टोकदार हत्याराने चिरून त्यांची मूठ आवळतात; बांधणीसाठी पुष्कळदा भिजवलेली पातच पिळून वापरतात. झाडाचा वाढीचा कोंब एकच, शेंड्याचा. तो दुखावल्यास वृक्ष संपतो, हे भान तोडणाऱ्यास ठेवावे लागते. शिंदी सहसा कोणी मुद्दाम लावत नाही. ओढ्याकाठी, पडीक जमिनीत ती आपोआप वाढते आणि बांध मोकळे करताना प्रथम तोडली जाते.

गुळगुळीत फरशीवर शिंदीच्या केरसुणीचे तुकडे गळतात, ही तक्रार खोटी नाही. तेथे फुलझाडू सरस ठरतो. तो ताडाचा नसून ईशान्य भारतात विपुल वाढणाऱ्या गवताचा असतो. परंतु ‘कला लोप पावत आहे’ असा सरसकट हळहळीचा सूर प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जातीने लादलेले काम सोडणे हा अनेक कुटुंबांना सुटकेचा मार्ग वाटला असेल. शिवाय बलुतेदारीत या कामाचा मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळे, नगावर नव्हे. काटे काढण्यापासून मूठ आवळण्यापर्यंतच्या श्रमाचा हिशेब त्यात कधी मांडलाच गेला नाही. आणि केरसुणी बाजारात आली तेव्हाही ग्राहकाने तिच्याकडे स्वस्त वस्तू म्हणूनच पाहिले.