शाळेची परसबाग आणि आपल्या लेकरांचे ताट

जूनमध्ये शाळा उघडतात. पहिला दमदार पाऊस झाला की नांदेड-लातूरकडच्या शाळांमध्ये खड्डे खोदले जातात, रोपे येतात आणि मुलांच्या हातात खुरपी दिसू लागतात. लेकरू घरी येते ते चिखलाच्या पायांनी. नखांत माती, गणवेशावर डाग. मग वस्तीतल्या आया विचारतात, "लेकराला शिकायला घातलंय, का माती उकरायला?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या मागच्या पिढ्यांच्या वाट्याला मातीकाम आले, पण माती आली नाही. दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि आपल्या घरी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खायचा, हे पुष्कळ घरांनी भोगले आहे. म्हणून लेकराच्या हातात खुरपे दिसले की काळजात चर्र होते. तरीही आमचे म्हणणे असे आहे की शाळेची परसबाग हा अभ्यासाचा आणि आरोग्याचा भाग आहे. मात्र तीन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. पिकलेली भाजी मुलांच्याच ताटात पडावी, काम सर्व मुलांना पाळीपाळीने मिळावे आणि माती-पाण्यातून आजार घरी येऊ नये. या तीन अटींवर लक्ष ठेवणे हे आपले, पालकांचे काम आहे.

हरित सेना म्हणजे काय?

केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना ही योजना सुरू केली. शाळेत मुलांचा एक गट करायचा, एका शिक्षकाने त्याची जबाबदारी घ्यायची आणि झाडे, पाणी, कचरा यांविषयी पुस्तकात जे वाचले ते हाताने करून पाहायचे, असा तिचा हेतू. तिसरीपासून मुलांना परिसर अभ्यास हा विषय असतोच. बी कसे रुजते, मुळे पाणी कशी घेतात, हे फळ्यावरच्या चित्रापेक्षा वाफ्यात लवकर समजते. रोपाची उंची दर आठवड्याला मोजून वहीत लिहिली की गणितही होते.

पुढे २०१९ मध्ये केंद्राने शाळांतील पोषण बागांसाठी सूचना काढल्या. शाळेच्या आवारात भाज्या पिकवाव्यात आणि त्या दुपारच्या आहारात वापराव्यात, असे त्यात म्हटले आहे. जागा नसेल तर कुंड्या, डबे, पोती किंवा गच्ची चालते. म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्यांच्या शाळेलाही "आमच्याकडे जागा नाही" एवढेच उत्तर पुरेसे नाही.

ताटाचा हिशेब

शाळेत मिळणारी खिचडी हा मुलांचा हक्क आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी रोजचे प्रमाण ठरलेले आहे. १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी भाजीचे प्रमाण ७५ ग्रॅम आहे.

आता साधा हिशेब करा. प्राथमिक शाळेत १०० मुले असतील तर रोज ५ किलो भाजी लागते. चार वाफ्यांतून एवढी भाजी रोज निघणार नाही. म्हणून परसबाग ही सरकारी आहाराला जोड आहे, त्याची जागा ती घेऊ शकत नाही. "बागेत मेथी आहे, आता बाजारातून भाजी आणायला नको" असे कोणी म्हणू लागले तर पालकांनी तिथेच थांबवावे. ठरलेली ५० ग्रॅम भाजी मिळाली पाहिजे, बागेतला पाला त्यावर अधिक.

ही भाजी एवढी महत्त्वाची का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. हीच मुले पुढे पहिलीत जातात. रक्त कमी असले की लेकरू लवकर दमते, वर्गात पेंगते, आणि आपण म्हणतो, "याचं अभ्यासात मन लागत नाही." मन लागायला अंगात रक्त लागते.

वाफ्यात काय लावावे?

महागडी रोपे नकोत. आपल्या भागात येणाऱ्या आणि आपल्या आयांना रांधता येणाऱ्या भाज्याच लावाव्यात. मेथी महिन्याभरात काढायला येते. पालकाला थोडे जास्त दिवस लागतात, पण तो कापला की पुन्हा फुटतो. तांदुळजा, चुका, अंबाडी, शेपू यांना फार लाड लागत नाहीत. हिवाळ्यात करडईचा कोवळा पाला मिळतो. कुंपणावर दोडका, वाल आणि दुधी चढवता येतो. कोपऱ्यात एक शेवगा, एक कढीपत्ता आणि एक लिंबू असले की बाग भरली.

शेवग्याविषयी थोडे जास्त सांगतो. आपण शेंगा खातो आणि पाला टाकून देतो. खरे तर पाल्यात लोह, कॅल्शियम आणि 'अ' जीवनसत्त्व चांगले असते. मूठभर कोवळा पाला वरणात किंवा खिचडीत सहज मिसळतो.

मात्र पालेभाजीतले लोह शरीरात सहज उतरत नाही. भाजीवर लिंबू पिळले तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे ते जास्त प्रमाणात उतरते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट होते. म्हणून चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी टाळावा. 'अ' जीवनसत्त्व तेलात विरघळते, म्हणून भाजीला थोडी फोडणी हवीच. आणि नुसत्या भाजीवर विसंबून राहू नये. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून एक गुलाबी लोहाची गोळी आणि दहा वर्षांपुढच्यांसाठी निळी गोळी शाळेतून देण्याची योजना आहे. ती मिळते का, लेकरू ती गिळते का, हे विचारा.

आपली माती काळी. पावसात ती चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावेत आणि त्यात शेणखत किंवा कुजलेला पालापाचोळा मिसळावा.

पाणी कुठून आणायचे?

मराठवाड्यात बागेची गोष्ट पाण्यापाशी येऊन थांबते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा टाक्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी, तेही ३०० किलोमीटरहून लांबचे. ज्या वस्त्यांनी त्या उन्हाळ्यात रात्र-रात्र घागरी रांगेत लावल्या, त्यांना "बागेला पिण्याचे पाणी घाला" असे कोण सांगणार? आम्ही तरी सांगणार नाही.

बागेसाठी वापरलेले पाणी पुरते. शंभर मुलांनी जेवणाआधी-नंतर हात धुतले, ताट विसळले आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी गेले असे धरा. रोज २०० लिटर झाले. हे पाणी आज मैदानात चिखल करते. तेच छोट्या चराने वाफ्याकडे नेता येते. त्यासाठी दोन नियम आहेत. पाणी मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये. आणि साबण जास्त असलेले पाणी केळी, कर्दळ किंवा शेवग्याच्या बुंध्याशी सोडावे. नालीचे किंवा संडासाचे पाणी भाजीला कधीही देऊ नये.

उरलेल्या पाण्यासाठी धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघरी शोषखड्डे केले, सांडपाणी जमिनीत जिरवले आणि उघड्या नाल्यांची गरजच उरू दिली नाही. पाणी साचायचे थांबले तसे गावातले डासही हटले. पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनीही हे काम उचलले.

पद्धत सोपी आहे. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्यायचा. मधोमध वरच्या भागाला भोके असलेली सिमेंटची टाकी ठेवायची. भोवती खाली मोठे आणि वर लहान दगड भरायचे. सांडपाणी टाकीत पडते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांतून दगडांत जाऊन जिरते. गाळ अधूनमधून काढावा लागतो. खड्डा आड आणि बोअरपासून लांब असावा.

डेंग्यूचा डास मात्र नालीत नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हरित सेनेच्या मुलांनी आठवड्यातून एकदा कुंडीखालच्या ताटल्या, टायर, बादल्या आणि रांजण पाहावेत, रिकामे करावेत, घासावेत. हीच मुले घरी येऊन बॅरलला फडके बांधायला लावतील.

मातीत हात, पण काळजीने

मातीत जंतांची अंडी असतात आणि अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. हा कृमी आतड्यात बसून रक्त पितो. ज्या बागेने रक्त वाढवायचे, तिनेच ते घटवायला नको. म्हणून बागेत चप्पल घालूनच जावे. काम झाले की साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नये. खुरपे लागले, काटा रुतला तर धनुर्वाताची भीती असते. पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची लस झाली आहे का, हे आशाताईंकडे विचारून घ्या.

औषध फवारणी मुलांच्या हातून कधीही नको. भाजीवर किडी दिसल्या तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी गाळून मोठ्या माणसाने शिंपडावे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. सोयाबीन-कापसाच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन पाणी भरायला किंवा रोप लावायला वापरू नका. धुतल्याने विष जात नाही.

झाडू कोणाच्या हातात?

आता दुसरी अट, पाळीची. बागेत खणणे असते, बी पेरणे असते, वहीत नोंद करणे असते आणि कचरा उचलणेही असते. पाहायचे ते एवढेच की कोणाच्या हाती काय येते. नोंदवही ठरावीक मुलांकडे आणि झाडू-पाटी नेहमी आपल्याच वस्तीच्या मुलांकडे असेल, तर ते शिक्षण नव्हे. तो जुनाच भेद आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आहे, ती हरित सेनेच्या नावाने परत यायला नको. हीच गोष्ट मुलींची. झाडलोट मुलींनी आणि खणणे मुलांनी, अशी वाटणी नको.

यावर उपाय साधा आहे. कामाचा तक्ता भिंतीवर लावावा आणि आठवड्याला पाळी बदलावी. आज ज्याच्या हातात झाडू, पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात नोंदवही. पाण्याची बादली सर्वांची एकच. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर कशासाठी जावे लागले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. बागेतली एक बादली तोच धडा रोज गिरवते.

तक्ता नसेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला. न जमल्यास शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. ती जागा आपली आहे. बैठकीचा दिवस मजुरी बुडवतो हे आम्हाला कळते. म्हणून वस्तीतल्या चार-पाच घरांनी आळीपाळीने जावे, पण खुर्ची रिकामी ठेवू नये.

मे महिन्यात बाग कोण जगवणार?

बागा वाळतात त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. पावसाळ्यात लावलेल्या रोपांचे फोटो निघतात, पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लागते. म्हणून शाळेला "किती झाडे लावली" असे विचारू नका, "मागच्या वर्षीची किती जगली" असे विचारा.

पालेभाज्या मार्चपर्यंत काढून घ्याव्यात. उन्हाळ्यात फक्त शेवगा, लिंबू, कढीपत्ता सांभाळावा. बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट पसरले की ओल टिकते. बुंध्याशेजारी तळाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात बसवलेले मडके पुरले तर पाणी हळूहळू झिरपते, रोज घालावे लागत नाही. शाळेजवळच्या प्रत्येक घराने एक झाड वाटून घेतले तर सुट्टीचे दीड-दोन महिने निघून जातात.

शाळेतून लेकरू मूठभर मेथीचे बी घेऊन आले तर ते फेकू नका. जुन्या टोपलीत, फुटक्या माठात किंवा पोत्यात माती भरा, खाली पाणी निघायला भोक ठेवा आणि भांडी विसळलेले पाणी त्याला द्या. ऊन येईल अशी हातभर जागा दारात पुरते. महिन्याभराने त्या मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा आणि ज्याने पेरली, त्या लेकराला पहिला घास द्या.