माद्रिदमध्ये हादडायचंय? आधी घड्याळ बघा!

स्पेन म्हटलं की आपल्या पिढीला आठवतो 2011 चा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. टोमॅटोची रंगपंचमी, उघडी गाडी, तीन मित्र वगैरे वगैरे. प्रत्यक्षात आपल्या वाट्याला येतात बॉसच्या नाकदुऱ्या काढून मिळवलेले तीन दिवस आणि मोजून नेलेले युरो. तीन दिवस म्हणजे जेमतेम सहा मोठी जेवणं. त्यातली दोन जरी भर चौकातल्या महागड्या, गारढोण पाएयावर खर्ची पडली, तर स्पेनची चव तुम्हाला कळलीच नाही म्हणून समजा!

माद्रिदहून आल्यापासून मैत्रिणी मला 'चांगल्या रेस्टॉरंट्सची लिस्ट दे' म्हणून पिडतायत. माझं उत्तर ठरलेलं आहे. लिस्ट नंतर, आधी घड्याळ.

दोनचा लंच, नऊचं डिनर

इथे लोक दुपारी दोन ते चारमध्ये जेवतात आणि रात्री नऊनंतर. यामागे नुसता आळस नाही बरं का! नकाशावर स्पेन लंडनच्या रांगेत बसतो, पण 1940 मध्ये फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे करून जर्मनीच्या वेळेला जोडली गेली. ती आजही तिथेच आहेत. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. उजेडात डिनर कोण करणार?

आपला प्रॉब्लेम इथेच होतो. संध्याकाळी साडेसहाला पोटात कावळे ओरडायला लागतात. त्या वेळी पूर्ण जेवण वाढायला तयार असलेली जागा बहुतेक टूरिस्टांसाठीच असते. दारात कुणी हाका मारत उभा असेल, मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो आणि पाच भाषा असतील, तर पुढे चला. फळ्यावर खडूने लिहिलेला, तोही फक्त स्पॅनिशमधला मेनू दिसला, की थांबा. आणि रात्री कुणी पाएया खपवायला लागलं तर सावध! तो मूळचा व्हॅलेन्सियाचा आणि खायचा दुपारी.

राइस प्लेटचा स्पॅनिश भाऊ

बजेटवाल्यांसाठी खरा फंडा म्हणजे 'मेनू देल दीया'. पहिली डिश, दुसरी डिश, ब्रेड, डेझर्ट किंवा कॉफी आणि बहुतेक ठिकाणी एक ड्रिंक, सगळं एका ठरलेल्या किमतीत. साधारण 12 ते 16 युरो. 1960 च्या दशकात सरकारने पर्यटकांसाठी हा प्रकार सुरू करायला लावला. आज मात्र त्यावर ताव मारतात ते तिथले ऑफिसवाले, म्हणजे आपलेच भाऊबंद! हा मेनू मुख्यतः सोमवार ते शुक्रवार दुपारी मिळतो. त्यामुळे शहर बघायला वीकेंडला जोडून एखादा वर्किंग डे ठेवाच. दुपारी पोटभर आणि रात्री हलकं, हे गणित जमलं की पैसेही वाचतात.

पाण्याचे पैसेही वाचवा. 2022 च्या कायद्यानुसार रेस्टॉरंटला नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा, बस्स.

एका जागी बसू नका

रात्री एकच टेबल धरून बसायचं नाही. एका बारमध्ये उभ्या उभ्या एक पदार्थ, एक छोटी बिअर (तिला 'कान्या' म्हणतात) आणि पुढच्या बारकडे कूच. ला लातिना भागातली कावा बाहा ही गल्ली त्यासाठी फेमस आहे. रविवारी दुपारी रास्त्रोच्या जुन्या बाजारातून फिरून आलेली सगळी गर्दी इथेच येते. बऱ्याच बारमध्ये बाहेरच्या टेबलापेक्षा आत काउंटरवर उभं राहिलं की बिल कमी येतं.

पुएर्ता देल सोलजवळचा कासा लाब्रा 1860 पासून आहे. तिथे तळलेल्या कॉड माशासाठी रांग लागते. 1879 मध्ये स्पेनचा समाजवादी पक्ष जन्मला तो याच जागेत! प्लासा मायोरच्या मोठ्या चौकात टेबल न घेता शेजारच्या गल्लीत शिरा आणि पावात तळलेले स्क्विड भरलेलं बोकादियो हातात घ्या. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण शहराचा लाडका पदार्थ हाच. वडापावच्या माणसाला त्याचं काय समजावायचं?

1916 च्या लोखंडी इमारतीतलं सान मिगेल मार्केट दिसायला जाम सुंदर, पण एकेका घासाचे पैसे मोजताना खिसा कधी रिकामा होतो कळत नाही. त्यापेक्षा आंतोन मार्तिन मार्केट बघा. भाजी-मासळीचे गाळे आणि त्यांच्यामध्येच खाण्याचे छोटे काउंटर!

व्हेज मंडळी, इकडे लक्ष द्या

उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवा. बटाट्या-अंड्याची जाडजूड तोर्तिया, तिखट सॉसमधले पातातास ब्रावास, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, मांचेगो चीज, टोमॅटो चोळलेला पाव. पातातास ऐकून बटाटा आठवला ना? दोन्ही शब्द नात्यातलेच, आपल्याकडे तो आला पोर्तुगीजांमार्फत. घोटाळा होतो तो नुसतं 'मांस नको' म्हटल्यावर, कारण हामोनचे तुकडे बऱ्याच जणांच्या हिशेबी मांसात धरलेच जात नाहीत. म्हणून स्पष्ट सांगा, 'सिन हामोन, सिन आतून'. आतून म्हणजे ट्युना. तो खरंच सॅलडच्या आतून निघतो!

शेवटचं एकच. रविवारी रात्री आणि सोमवारी अनेक चांगल्या जागा बंद असतात, ऑगस्टमध्ये तर काही आठवडेच्या आठवडे. तेव्हा तिकीट बुक करतानाच कॅलेंडर उघडा. आणि तिथे उतरल्यावर? भूक लागली की नाही हे पोटाला विचारू नका, बारमधल्या गर्दीला विचारा. ती जेवायला लागली, की तुम्हीही आत घुसा!