ड्राइव्ह-वेत वळणाऱ्या गाड्या

रात्रीचे साडेनऊ. अमेरिकेतल्या उपनगरातलं गल्लीच्या टोकाचं घर. खिडकीवर हेडलाइटचा झोत पडतो, ड्राइव्ह-वेवरची, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या खासगी वाटेवरची, खडी करकरते आणि एक अनोळखी गाडी मागे-पुढे होऊन निघून जाते. सकाळी हिरवळीच्या कडेला चाकांचे वळ दिसतात. मुलं तिथेच सायकल खेळत असतील तर आईबापांच्या पोटात गोळा येतो.

तक्रार रास्तच आहे. पण बहुतेक चालक वाट चुकलेले असतात. पुढे रस्ता नाही हे त्यांना उशिरा कळतं.

म्हणून पहिला उपाय गल्लीच्या तोंडाशी करावा. ‘पुढे रस्ता बंद’ ही पिवळी पाटी लावण्याची मागणी स्थानिक प्रशासनाकडे करता येते. मग घरापाशी ‘गाडी वळवू नये’ अशी पाटी, फाटक किंवा दोन खांबांमधली साखळी. साखळीला चमकपट्ट्या हव्यातच, नाहीतर अंधारात दुचाकीस्वार तिच्यावर आदळेल. हिरवळीच्या कडेला आडोसा म्हणून कुंड्या ठेवायच्या तर त्या आपल्याच हद्दीत ठेवाव्यात, कारण रस्त्यालगतची पट्टी अनेकदा सार्वजनिक असते. खिळे तर कधीच पसरू नयेत.

रागाच्या भरात काय घडू शकतं, हे न्यूयॉर्क राज्यातल्या हेब्रन गावाने पाहिलं. १५ एप्रिल २०२३च्या रात्री मित्राचं घर शोधणारी तरुण मंडळी चुकून भलत्याच ड्राइव्ह-वेत शिरली. गाड्या परत वळत असताना घरमालकाने गोळी झाडली आणि २० वर्षांची तरुणी दगावली. २०२४मध्ये त्याला २५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.