अर्ज नेमका अडला कुठे?
कचेरीतल्या नोंदींतून कामाची खरी वाट शोधणारी विद्या

अर्ज दिला की शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो : आता तो कुठवर गेला असेल? कचेरीत विचारायला जावे, तर "साहेबांच्या सहीला आहे" एवढेच उत्तर मिळते. पुढल्या आठवड्यात पुन्हा एस.टी.चे भाडे, पुन्हा शेतातल्या कामाचा खाडा, आणि उत्तर तेच. "सरकारी काम अन् सहा महिने थांब" ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

पण शेतकरी बंधू-भगिनींनो, अर्ज कुठे अडला याचे उत्तर पुष्कळदा त्याच कचेरीत लिहून ठेवलेले असते. अर्ज आला की आवक बारनिशीत तारीख पडते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, त्रुटी निघाली, सही झाली, की तिथेही तारीख पडते. आता तर पुष्कळशा नोंदी संगणकातच होतात. एका सुट्या नोंदीवरून फारसे कळत नाही. पण अशा हजारो नोंदी एकापुढे एक मांडल्या, तर काम कोणत्या वाटेने जाते आणि कुठे खोळंबते, ते स्पष्ट दिसू लागते. या विद्येला 'प्रोसेस मायनिंग' म्हणतात. नोंदींच्या खाणीतून कामाची वाट खणून काढायची, असा तिचा अर्थ. नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या विद्यापीठात विल व्हॅन डेर आल्स्ट या प्राध्यापकांनी ती विशेष वाढवली. 2011 साली त्यांनी तिच्यावर ग्रंथही लिहिला.

नकाशावरची पाणंद आणि पायाखालची वाट

गावाच्या नकाशावर पाणंद एका जागी दाखवलेली असते. माणसे आणि गुरे मात्र कधी कधी भलत्याच बांधावरून जातात. पाणंदीत चिखल होतो, ओढ्याला पाणी येते, कुणी काटेरी कुंपण सरकवलेले असते. नवख्या माणसाने नकाशाच पाहिला, तर तो फसेल. मळलेली वाट पाहिली, तर शिवारात पोहोचेल.

कचेरीचेही असेच आहे. नियमाच्या पुस्तकात कामाची एक वाट लिहिलेली असते आणि कागद प्रत्यक्षात दुसऱ्याच वाटेने फिरतात. म्हणून या विद्येची कामे दोन. पहिले, नोंदींवरून मळलेली वाट काढणे. दुसरे, ती वाट नियमाशी ताडून पाहणे.

तीन गोष्टी पुरतात

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असल्या म्हणजे काम सुरू करता येते : प्रकरण कोणते, काय घडले, आणि केव्हा घडले.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. जमिनीच्या फेरफाराची रीत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये घालून दिली आहे. ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो, ते गाव नमुना 6 मध्ये नोंद घेतात. तिची प्रत चावडीवर लावली जाते आणि हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आलीच, तर प्रकरण गाव नमुना 6-अ मध्ये, तक्रारी नोंदवहीत जाते. हरकत नसली, तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर बदल होतो.

आता समजा, हे काही ठाऊक नसलेल्या माणसापुढे नुसत्या हजार प्रकरणांच्या तारखा ठेवल्या. तो एकेका प्रकरणाच्या नोंदी तारखेच्या क्रमाने लावील. त्याला दिसेल, की नोंद घेणे नेहमी आधी आहे आणि प्रमाणित करणे नंतर. उलटे कधी होत नाही. म्हणजे ही एकामागून एक येणारी कामे. चावडीवर प्रत लावणे काही प्रकरणांत आधी, तर काहींत नोटीस आधी. म्हणजे ही दोन कामे बरोबरीने चालू शकतात. काही प्रकरणे तक्रारी नोंदवहीत जातात, काही जातच नाहीत. म्हणजे इथे वाटेला फाटा आहे. आणि काही प्रकरणे त्रुटीसाठी परत येऊन पुन्हा पुढे जातात, म्हणजे तिथे वळसा आहे. एवढ्या चार खुणांवरून सगळी वाट कागदावर काढता येते. संगणक हेच काम लाखो नोंदींवर करतो.

सारीपाटाची सोंगटी

वाट काढण्यासाठी जे चित्र वापरतात, त्याचा पाया कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन शास्त्रज्ञाने 1962 च्या आपल्या प्रबंधात घातला. त्यात वर्तुळे असतात, चौकोन असतात आणि ठिपके असतात. चौकोन म्हणजे काम. वर्तुळ म्हणजे दोन कामांमधला थांबा. आणि ठिपका म्हणजे आपली सारीपाटाची सोंगटी. काम झाले, की सोंगटी पुढच्या घरात जाते.

नियमाशी ताडून पाहायचे, तर नियमाचा पट मांडायचा आणि एकेका प्रकरणाच्या नोंदींप्रमाणे सोंगटी चालवायची. 'प्रमाणित केले' अशी नोंद आली, पण नोटिशीच्या घरातून सोंगटी निघालेलीच नाही, तर मधली पायरी गाळली गेली. प्रकरण निकाली निघाले तरी एक सोंगटी पटावर मागेच राहिली, तर काहीतरी अर्धवट सुटले. नोटिशीनंतर चौथ्याच दिवशी प्रमाणित झाले असेल, तर पायऱ्या साऱ्या आहेत, पण 15 दिवसांची मुदत पाळली गेली नाही. ज्या भावाला किंवा बहिणीला हरकत घ्यायची होती, तिचा हक्क त्या 11 दिवसांत बुडू शकतो.

जर्मनीतील शेतकऱ्यांचे अर्ज

ही विद्या शेतकऱ्यांच्या अर्जांवरही लावली गेली आहे. युरोपीय संघ आपल्या शेतकऱ्यांना दरवर्षी जमिनीच्या क्षेत्रानुसार थेट अनुदान देतो. जर्मनीतील अशा अर्जांच्या नोंदी, अर्जदारांची नावे वगळून, 2018 साली जगभरच्या अभ्यासकांपुढे ठेवण्यात आल्या. तीन वर्षांचे 43,809 अर्ज आणि त्यांच्या 25,14,266 नोंदी. म्हणजे एका अर्जामागे सरासरी 57 नोंदी. सर्वांत सुटसुटीत अर्ज 24 नोंदींत निकाली निघाला. सर्वांत गुंतलेल्या अर्जाच्या नोंदी झाल्या 2,973!

अभ्यासकांना विचारलेले प्रश्न ऐकून आपल्या शेतकऱ्यालाही ते आपलेच वाटतील. वर्ष संपेपर्यंत कुणाला पैसे मिळणार नाहीत, हे आधी ओळखता येईल का? कोणते अर्ज एकदा निकाली निघूनही पुन्हा उघडावे लागतील? वेगवेगळ्या कचेऱ्या एकच काम वेगवेगळ्या तऱ्हेने करतात का? ही विद्या अडलेला अर्ज शोधून देतेच. पण कोणता अर्ज अडण्याची शक्यता आहे, ते आधी सांगता आले, तर पैसा वेळेवर पोहोचवता येतो. खरा फायदा तिथे आहे.

नोंद आणि वस्तुस्थिती

मात्र या विद्येवर आंधळा विश्वास ठेवून चालणार नाही. कारकुनाने आठवड्याची कामे शनिवारी एकदम नोंदवली, तर संगणकाला सगळे शनिवारीच झालेले दिसेल. फोनवर झालेले बोलणे, तोंडी दिलेला होकार नोंदीत येत नाही. पुष्कळ प्रकरणे एकत्र केली, तर वाटेऐवजी शेवयांचा गुंता दिसू लागतो आणि त्यातून मुख्य वाट निवडायला जाणते माणूसच लागते.

आणखी एक. एखाद्या टेबलावर अर्ज वीस दिवस पडून असतो, एवढे नोंद सांगते. का पडून असतो, ते सांगत नाही. तिथला कारकून आळशी असेल, किंवा तीन माणसांचे काम त्या एकट्यावर पडले असेल. दोष ठरवण्याआधी त्या टेबलाजवळ जाऊन पाहिले पाहिजे.

आपल्या घरची बारनिशी

संगणक नसला, तरी या विद्येतली मूळ गोष्ट आपल्या घरात चालू करता येते. एक शंभर पानी वही घ्या. पीककर्ज, फेरफार, वीजजोडणी, विमा, जे काम असेल त्याला एकेक पान द्या. पानावर तीनच रकाने आखा : तारीख, काय घडले, कुणाकडे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. पोचेवरचा क्रमांक वहीत उतरवा. घरातली शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करील.

पुढच्या वेळी "माझ्या कामाचे काय झाले?" असे विचारू नका. "अमुक क्रमांकाचा माझा अर्ज कोणत्या पायरीवर आहे आणि तिथे कोणत्या तारखेपासून आहे?" असे विचारा. या प्रश्नाला "सहीला आहे" एवढे उत्तर पुरत नाही. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली हाच प्रश्न लेखी विचारता येतो आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांत त्याला उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली जाहीर झालेल्या सेवांना मुदत ठरलेली आहे. ती उलटली, तर अपील करता येते. अपिलात तुमच्या वहीतल्या तारखा आणि पोचा कामी येतील.

गावातल्या दहा घरांनी अशी वही ठेवली आणि वर्षाअखेरी सगळ्यांनी ती एकत्र मांडली, तर कोणते काम कुठे अडते ते दहा घरांना मिळून कळेल. मग ग्रामसभेत नुसती तक्रार न करता तारखांसह प्रश्न मांडता येईल.