'डिड'चं 'वॉज' कसं होतं? इंग्रजी प्रश्नाचा व्हॉइस बदलताना पोरं इथं अडतात

बुलढाणा : तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आता गावोगावच्या अभ्यासिकेत दिसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, एकेक दोन गुणांचा. म्हणजे २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे. बारावीच्या पेपरातही 'डू ॲज डायरेक्टेड'खाली व्हॉइस बदलायला येतो. साधं वाक्य असलं तर बहुतेकांना जमतं. पण वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की चांगली पोरं गडबडतात.

याचं कारण आपल्या भाषेत आहे. 'व्यापाऱ्यानं कापूस घेतला' याचा प्रश्न करायचा तर आपण शेवटी फक्त 'का' लावतो. 'व्यापाऱ्यानं कापूस घेतला का?' झालं. एकही शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र हेल्पिंग व्हर्ब उचलून पुढं न्यावं लागतं. प्रश्न करायचा आणि व्हॉइसही बदलायचा, अशी दोन कामं एकदम करायला गेलं की घोळ होतो.

म्हणून दोन्ही कामं वेगळी करायची. समजा प्रश्न आहे, 'डिड द ट्रेडर बाय द कॉटन?' आधी याचं साधं वाक्य करा. 'डिड' काढलं की भूतकाळ क्रियापदात परत येतो: 'द ट्रेडर बॉट द कॉटन.' आता नेहमीसारखा पॅसिव्ह करा: 'द कॉटन वॉज बॉट बाय द ट्रेडर.' शेवटी 'वॉज' उचलून पुढं न्या: 'वॉज द कॉटन बॉट बाय द ट्रेडर?' कच्च्या कागदावर हे तीन टप्पे चार-दोन दिवस लिहिले की नंतर मनातल्या मनात होतात.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'डिड द कॉटन वॉज बॉट?' डू, डझ, डिड ही रोजंदारीची माणसं समजा. घरचा गडी नाही म्हणून लावलेली. पॅसिव्हमध्ये 'वॉज' हा घरचा गडी आला, मग रोजंदाराचं काम संपलं. दोघं एका वाक्यात ठेवायचे नाहीत. डू-डझ असेल तर ॲम, इज, आर येतं आणि डिड असेल तर वॉज किंवा वर.

वॉज की वर, हे नव्या कर्त्याकडं पाहून ठरवायचं. 'डिड द रेन डॅमेज द क्रॉप्स?' यात पाऊस एकच आहे, पण पुढं येणारी पिकं अनेक. म्हणून 'वर द क्रॉप्स डॅमेज्ड बाय द रेन?' तसंच 'हॅव दे ओपन्ड द परचेस सेंटर?' याचं 'हॅज द परचेस सेंटर बीन ओपन्ड?' होतं. हॅवचं हॅज झालं, कारण केंद्र एकच. 'बाय देम' इथं गाळलेलं चालतं, ते 'दे' कोण हे कोणालाच माहीत नसतं. 'विल द बँक सँक्शन द लोन?' सोपं आहे: 'विल द लोन बी सँक्शन्ड बाय द बँक?' चालू काळात मात्र 'बीइंग' विसरू नका. 'इज ही स्प्रेइंग द क्रॉप?' म्हणजे 'इज द क्रॉप बीइंग स्प्रेड बाय हिम?'

व्हेन, व्हेअर, व्हाय, हाऊ हे शब्द होते तिथंच, सगळ्यात पुढं राहतात. 'व्हेन डिड दे डिक्लेअर लोणार अ रामसर साइट?' याचं 'व्हेन वॉज लोणार डिक्लेअर्ड अ रामसर साइट?' (उत्तर २०२०, सामान्य ज्ञानात तेही विचारतात.)

खरी गंमत 'हू'ची आहे. इथं मराठीची मदत घ्या. अर्थ 'कोणी' निघत असेल तर 'बाय हूम' येतं. 'हू रोट धिस लेटर?' म्हणजे पत्र कोणी लिहिलं, म्हणून 'बाय हूम वॉज धिस लेटर रिटन?' अर्थ 'कोणाला' निघत असेल तर 'हू' पुढं तसंच राहतं. 'हू डिड द व्हिलेजर्स इलेक्ट?' म्हणजे गावकऱ्यांनी कोणाला निवडलं, म्हणून 'हू वॉज इलेक्टेड बाय द व्हिलेजर्स?' पर्यायी प्रश्नात हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून फसवतात.

पण मराठीची मदत सगळीकडं चालत नाही. 'रामानं आंबा खाल्ला' हा मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे. आंब्याऐवजी चिंच आली की 'खाल्ली' होतं, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागं चालतं. त्याचंच इंग्रजी 'राम एट अ मँगो' हे ॲक्टिव्ह आहे. मराठीच्या तासाला कर्मणी शिकलेलं पोरगं इंग्रजीच्या तासाला तेच लावतं आणि गुण जातात. इंग्रजी वाक्याचा व्हॉइस इंग्रजी वाक्यातच बघायचा.

आपल्या वऱ्हाडी बोलीला मात्र इथं फायदा आहे. पुस्तकातली मराठी 'विकला गेला' म्हणते, आपण 'कापूस विकल्या गेला का?' म्हणतो. हेच 'वॉज द कॉटन सोल्ड?' आहे. 'विकल्या' म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, 'गेला' म्हणजे वॉज. ज्या प्रश्नाचं असं 'केल्या गेलं' करता येत नाही, त्याचा बहुधा पॅसिव्हही होत नाही. 'डिड द बस कम?' याचं काही करायला जाऊ नका. येणं, जाणं, झोपणं, पडणं याला कर्मच नाही, मग पुढं आणणार काय?

ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांच्याही कामाची एक गोष्ट यात आहे. पॅसिव्हमध्ये काम करणारा गाळता येतो. आम्ही बातमीत 'पंचनामा करण्यात आला' लिहितो, तेव्हा कोणी केला हे वाचकाला कळत नाही. कार्यालयाकडून येणारी प्रेसनोटच तशी असते आणि आम्हीही ती तशीच उतरवतो, ही सवय वाईट आहे. नुकसानीच्या पंचनाम्याबद्दल माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करताना 'पंचनामा केल्या गेला का?' एवढंच विचारलं तर 'होय' एवढंच उत्तर येऊ शकतं. 'कोणत्या कर्मचाऱ्यानं, कोणत्या तारखेला केला' असं विचारलं तर पदनाम आणि तारीख द्यावी लागते. इंग्रजीतला 'बाय हूम' म्हणजे हाच प्रश्न.

सरावासाठी दोन प्रश्न. 'डिड अ मिटिओराइट फॉर्म द लोणार लेक?' आणि 'हू हॅज टेकन माय पासबुक?' उत्तरं: 'वॉज द लोणार लेक फॉर्म्ड बाय अ मिटिओराइट?' आणि 'बाय हूम हॅज माय पासबुक बीन टेकन?' दुसऱ्यात 'बीन' सुटलं असेल तर वर खरेदी केंद्राचं उदाहरण पुन्हा पाहा.