आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी डिजिटल प्रमाणपत्र-संग्रह सुविधेची रचना : मालेगाव (जि. वाशिम) तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. मालेगाव हा या जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी एक होय. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची निवड केली त्यांत वाशिमचा समावेश होता. आरोग्य हा त्या कार्यक्रमातील एक प्रमुख विषय आहे. ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि खाजगी दवाखाने यांवर तालुक्यातील आरोग्यसेवेची भिस्त आहे. तेथे काम करणारे डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका, औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्याजवळ एक वस्तू हमखास आढळते, ती म्हणजे प्रमाणपत्रांची फाईल. भरतीच्या वेळी, कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी, बदलीच्या वेळी ही फाईल उघडली जाते, तिच्या प्रती काढल्या जातात आणि मूळ कागदांशी त्या ताडून पाहिल्या जातात. एखादा कागद कमी पडला किंवा नावात फरक आढळला, तर पात्र उमेदवाराची संधी हुकते. उलट एखादा बनावट कागद नजरेतून सुटला, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

ही फाईल मोबाईलमध्ये आणली म्हणजे प्रश्न सुटला, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा कसा आहे हे दाखवणे आणि अशा सुविधेच्या रचनेची मूलतत्त्वे तालुक्याच्या प्रत्यक्ष परिस्थितीच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्र देणारी संस्था

आरोग्य कर्मचाऱ्याच्या फाईलमधील कागद एकाच ठिकाणाहून आलेले नसतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका राज्य मंडळाच्या, पदवी विद्यापीठाची, जातीचे प्रमाणपत्र महसूल विभागाचे आणि अनुभवाचा दाखला पूर्वीच्या नियोक्त्याचा असतो. यांत सर्वाधिक महत्त्वाचा कागद व्यवसाय-नोंदणीचा होय. डॉक्टरांची नोंदणी १९६५ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, परिचारिकांची १९६६ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, तर औषधनिर्मात्यांची १९४८ च्या केंद्रीय कायद्यान्वये राज्य औषधशास्त्र परिषदेकडे होते. या परिषदांची मुख्यालये मुंबईत आहेत. मालेगावपासून हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. आशा स्वयंसेविकेची नोंद तर कोणत्याही वैधानिक परिषदेकडे होत नाही. तिच्या प्रशिक्षणाचा पुरावा आरोग्य विभागाकडूनच मिळतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रमाणपत्राचे मूल्य कागदात नसून ते देणाऱ्या संस्थेच्या शब्दात असते. कागद हा त्या शब्दाचा वाहक होय. म्हणून संग्रह-सुविधेची रचना करताना ‘कागद कोठे ठेवावा’ हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि ‘संस्थेचा शब्द पडताळणाऱ्यापर्यंत अबाधित कसा पोहोचवावा’ हा प्रश्न मुख्य ठरतो.

२. साठवण आणि पडताळणी यांतील भेद

प्रमाणपत्राचे छायाचित्र काढून मोबाईलमध्ये ठेवणे ही साठवण झाली. त्या छायाचित्रातील एखादा अंक बदलणे आज कोणालाही कठीण नाही. त्यामुळे छायाचित्र पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मूळ कागद मागावाच लागतो आणि श्रम वाचत नाहीत.

डिजिटल स्वाक्षरीची पद्धत याहून वेगळी आहे. प्रमाणपत्र देणारी संस्था त्यातील मजकुरावरून गणिती प्रक्रियेने एक संक्षिप्त अंकीय ठसा तयार करते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. संस्था आपल्या गुप्त किल्लीने त्या ठशावर स्वाक्षरी करते. तिची जोडकिल्ली मात्र सर्वांसाठी खुली असते. पडताळणारा खुल्या किल्लीच्या साहाय्याने दोन बाबी तपासतो : स्वाक्षरी खरोखर त्या संस्थेची आहे काय, आणि स्वाक्षरीनंतर मजकूर बदलला आहे काय. भारतात अशा स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने कायदेशीर मान्यता दिली. २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर जो क्यूआर कोड छापलेला असे, त्यामागे हेच तत्त्व होते.

३. विद्यमान व्यवस्था

१ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये कागदपत्रांचे दोन वर्ग आहेत : संस्थेने थेट दिलेले आणि नागरिकाने स्वतः चढवलेले. यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या वर्गातील कागदपत्रांना मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. हा भेद वापरकर्त्यांच्या पुरेसा लक्षात येत नाही. स्वतः चढवलेला कागद दाखवून तो स्वीकारला गेला नाही, की दोष संपूर्ण व्यवस्थेवर येतो.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही आणि आरोग्य संस्थांची नोंदवही अशा दोन नोंदवह्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचे पोर्टलही सुरू झाले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने तंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ इत्यादी संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र आयोगाची तरतूद केली. याचा अर्थ असा की, नवी सुविधा शून्यातून उभारावयाची नाही; या नोंदवह्या आणि कर्मचाऱ्याचा मोबाईल यांमधील दुवा नीट बांधावयाचा आहे.

४. रचनेची मूलतत्त्वे

(अ) उगम स्पष्ट दिसावा. प्रत्येक कागदासमोर ‘परिषदेने दिलेले’ किंवा ‘स्वतः जोडलेले’ असे शब्द मराठीत, ठळकपणे असावेत. केवळ रंग किंवा चिन्ह पुरेसे नाही. ज्यांची नोंदणी संगणकपूर्व काळातील आहे, त्यांच्या कागदाचे छायाचित्र खरे मानण्याऐवजी परिषदेने आपले जुने नोंदणीपुस्तक पाहून नवे स्वाक्षरीत प्रमाणपत्र द्यावे.

(आ) वैधता जिवंत असावी. पदवी एकदा मिळाली की कायम राहते. नोंदणीचे तसे नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या मुदतीत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. नोंदणी निलंबितही होऊ शकते. अशा वेळी जुन्या प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी खरीच राहते, परंतु प्रमाणपत्र लागू राहत नाही. म्हणून स्वाक्षरीबरोबर परिषदेची सद्यःस्थितीची यादीही तपासली जावी. जाळे उपलब्ध नसेल तर मोबाईलमध्ये पूर्वी उतरवलेली यादी वापरता यावी, मात्र ती कोणत्या तारखेची आहे हे पडताळणाऱ्यास दिसावे. मुदत संपण्यापूर्वी कर्मचाऱ्यास वेळीच सूचना मिळणे, हा याच रचनेचा उपयुक्त भाग होय.

(इ) नावातील बदल सामावून घ्यावा. महाराष्ट्रात पूर्ण नाव स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन भागांचे असते. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत यांपैकी दोन भाग बदलतात. परिचर्येच्या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी असल्याने हा अपवाद नसून नित्याचा प्रसंग आहे. पदविका माहेरच्या नावाची, नोंदणी त्याच नावाची, आधार मात्र सासरच्या नावाचे, अशी स्थिती असते. त्यात ‘चौधरी’सारखे आडनाव दोन कार्यालयांत रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते. केवळ अक्षरे जुळवणारी संगणक-प्रणाली अशा परिचारिकेला परकी ठरवील. यावर उपाय म्हणजे जुन्या कागदात फेरफार न करता विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी हा ‘दुवा-कागद’ म्हणून एकदाच पडताळून जोडणे. पुढील प्रत्येक पडताळणीत हा दुवा आपोआप सोबत जावा.

(ई) संस्थेची ओळख क्रमांकाने व्हावी. मालेगाव हे नाव एकट्या वाशिम जिल्ह्याचे नाही. नाशिक जिल्ह्यात महानगरपालिका असलेले मालेगाव आहे. बारामती तालुक्यातही मालेगाव आहे. ‘ग्रामीण रुग्णालय, मालेगाव येथे दोन वर्षे सेवा’ एवढाच मजकूर असलेला अनुभवाचा दाखला मुंबईतील पडताळणाऱ्यास पुरेसा ठरत नाही. अनुभवाच्या दाखल्यात आरोग्य संस्थांच्या नोंदवहीतील क्रमांक अनिवार्य केल्यास ही संदिग्धता राहत नाही.

(उ) आवश्यक तेवढेच उघड व्हावे. दवाखान्याच्या भिंतीवरील क्यूआर कोड तपासणाऱ्या रुग्णास डॉक्टरचे नाव, अर्हता, नोंदणी क्रमांक आणि वैधता एवढे कळणे पुरेसे आहे. नियोक्त्याला गुणपत्रिका लागेल. खुल्या पदासाठी जातीचा दाखला लागणार नाही. कर्मचाऱ्याच्या हिपॅटायटिस-बी लसीकरणाची नोंद ही आरोग्यविषयक माहिती असल्याने ती वेगळ्या कप्प्यात असावी. सध्या अनेक ठिकाणी अर्ज भरण्यासाठी आधारपासून पदवीपर्यंतची सर्व कागदपत्रे सेवा केंद्राच्या चालकाला मोबाईलवरून पाठवली जातात आणि काम संपल्यावरही त्याच्या संगणकावर राहतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याखालील नियम यांच्या पार्श्वभूमीवर ही पद्धत टिकणारी नाही. नव्या सुविधेत कोणाला, कोणता कागद, किती दिवसांसाठी दाखवावयाचा याचा निर्णय कर्मचाऱ्याचा असावा आणि कोणी काय पाहिले याची नोंद त्याला दिसावी.

(ऊ) मोबाईल हरवला तरी ओळख हरवू नये. मोबाईल क्रमांक बदलतात, संच बिघडतात, एकच संच कुटुंबात दोघे वापरतात. सर्व काही एकाच क्रमांकावर येणाऱ्या संकेतांकावर अवलंबून ठेवल्यास क्रमांक गेलेला कर्मचारी स्वतःच्याच प्रमाणपत्रांना मुकतो. मूळ नोंद देणाऱ्या संस्थेकडे असल्याने प्रमाणपत्र पुन्हा देता येणे शक्य आहे. प्रश्न केवळ व्यक्तीची ओळख पटवण्याचा आहे. त्यासाठी मुंबईला जावे लागू नये. तालुका पातळीवरील कार्यालयात, दोन अधिकाऱ्यांच्या समक्ष ओळख पटवून संग्रह पूर्ववत करण्याची सोय असावी. एकाच व्यक्तीच्या हाती हा अधिकार ठेवणे मात्र धोक्याचे आहे.

५. मर्यादा

डिजिटल स्वाक्षरी मजकूर बदलला नाही याची हमी देते. मजकूर सत्य आहे याची नाही. परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या मूळ नोंदीतच चूक असेल, तर ती चूक अधिकच विश्वासार्ह रूपाने पुढे जाईल. म्हणून नोंद दुरुस्त करून घेण्याचा सोपा आणि कालबद्ध मार्ग हा सुविधेचाच भाग मानावा लागतो. तसेच ज्याच्याजवळ डिजिटल प्रमाणपत्र नाही तो अपात्र, असा अर्थ कोणत्याही भरतीत काढला जाऊ नये. कागदाचा मार्ग समांतर खुला राहिला पाहिजे; अन्यथा पडताळणी सुलभ करणारी सुविधाच नवा अडथळा होईल.

निष्कर्ष

प्रमाणपत्र-संग्रहाची रचना हा वरकरणी संगणकशास्त्राचा विषय वाटतो. परंतु त्याची मुळे कायदा, प्रशासन, भाषा आणि कुटुंबव्यवस्था यांत पसरलेली आहेत. कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना अनेकदा अकरा महिन्यांची नेमणूक मिळते आणि तेच कागद पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागतात. मालेगावसारख्या तालुक्यातील परिचारिकेला माहेरच्या नावाची पदविका, सासरच्या नावाचे आधार आणि बदललेला मोबाईल क्रमांक घेऊनही आपली पात्रता एका दिवसात, आपल्याच तालुक्यात सिद्ध करता आली, तर ती रचना यशस्वी म्हणावी. उपकेंद्राच्या दारात आलेल्या गरोदर मातेलाही आपल्यासमोरची व्यक्ती नोंदणीकृत आहे, याची खात्री त्याच रचनेतून मिळेल. कर्मचाऱ्याची सोय आणि रुग्णाची सुरक्षितता ही दोन वेगळी उद्दिष्टे नसून, दोहोंचा पाया प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा पडताळता येणारा शब्द हाच आहे.