लांब शब्दात दडलेलं गाव

दहावीत माझ्या भाचीचा इंग्रजीचा पेपर राहिला. फेरपरीक्षेचा अर्ज भरायला दोनच दिवस उरले होते आणि ही पुस्तक मिटून बसलेली. म्हणाली, ‘‘मामू, छोटे शब्द येतात मला. लांब शब्द आला की डोळे पुढं सरकतच नाहीत. मी नाही बसत परीक्षेला.’’

माझं इंग्रजीही बी. ए.पुरतंच. पण कविता लिहिणाऱ्याला अक्षरांशी खेळायची सवय असते. तिला म्हटलं, ‘‘अर्जाचं मग बघू. आधी आपल्या गावाचं नाव इंग्रजीत लिही.’’ तिनं लिहिलं, एन, ए, जी, आर, ए. नागरा. ‘‘आता ही पाचही अक्षरं असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द शोध. क्रम कसाही चालेल, मधे दुसरी अक्षरं आली तरी चालतील. फक्त ‘ए’ दोनदा हवा.’’

पाच मिनिटं ती कागदाकडं बघत राहिली. मग मी तिला या खेळाच्या दोन युक्त्या सांगितल्या.

पहिली युक्ती म्हणजे दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करायची. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकी वास्तुविशारदानं १९३८ मध्ये एक खेळ रचला. पुढं तो ‘स्क्रॅबल’ या नावानं जगभर गेला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्रांची पानं मोजून ठरवलं होतं. त्याच्या शंभर सोंगट्यांत ‘ए’ नऊ आहेत, ‘एन’ आणि ‘आर’ सहा-सहा, पण ‘जी’ तीनच. म्हणजे आपल्या गावात अडणारं अक्षर ‘जी’. त्याला ‘आर’ची सोबत आवडते. तेव्हा ‘ग्र’पासून निघायचं. भाचीनं लगेच लिहिलं, ‘ग्रँडफादर’. अकरा अक्षरं, ‘ए’ही दोन!

दुसरी युक्ती म्हणजे शेपूट धरायचं. इंग्रजीतले बरेच लांब शब्द ठरावीक शेपटांवर संपतात. कुठं ‘मेंट’, कुठं ‘एबल’, कुठं ‘एशन’. यातल्या ‘एशन’मध्ये आपले ‘ए’ आणि ‘एन’ आयतेच मिळतात. उरले जी, आर आणि एक ए. अशानं ‘ऑर्गनायझेशन’ सापडला, बारा अक्षरांचा. नंतर ती एकदम ओरडली, ‘‘काँग्रॅच्युलेशन्स!’’ आम्ही बोटांवर मोजलं. पंधरा अक्षरं. मी म्हटलं, ‘‘अगं, प्रत्येक लग्नात हा शब्द तू बिनदिक्कत म्हणतेस. तेव्हा नाही वाटत भीती?’’ ती हसली. लांब शब्द म्हणजे ओळखीच्या तुकड्यांची माळ, हे तिच्या तिलाच उमगलं. आपण मराठीत सामासिक शब्द फोडतो, तसाच हाही फोडायचा.

संगणक हेच काम क्षणात करतो. त्याची रीतही सोपी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं तो वर्णक्रमानं लावून ठेवतो. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ या इंग्रजी शब्दांची अक्षरं अशी लावली, तर दोन्हींची रांग एकच निघते. ऐकायचं तर गप्प राहावं लागतं, हे त्या अक्षरांनाही ठाऊक असावं!

ही रीत मात्र संगणकाच्या फार आधीची. गझल लिहिणाऱ्यांना खलील इब्न अहमद हे नाव परिचयाचं आहे. आठव्या शतकात बसऱ्यात राहून त्यानं अरबी छंदशास्त्राची मांडणी केली. त्याच्याच नावावर ‘किताब-उल-ऐन’ हा अरबीतला पहिला मोठा शब्दकोश आहे. त्यात तीन अक्षरं घेऊन त्यांच्या सहाही मांडण्या एकाच जागी तपासल्या आहेत. चार अक्षरांच्या मांडण्या चोवीस होतात, पाचांच्या एकशेवीस. क, ल, म ही अक्षरं घ्या. कलाम, कमाल, मुल्क. आपल्या कानांवरचे हे तिन्ही शब्द त्याच तीन अक्षरांतून आलेत.

मराठीत हा खेळ थोडा वेगळा चालतो. आपल्या शब्दकोड्याच्या चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. इंग्रजीतल्या पाच अक्षरांचं नागरा मराठीत तीनच चौकोनांत मावतं. पण काने हलवून बघा. नागराचं नगारा होतं, दोन्ही काने काढले की नगर उरतं.

संध्याकाळी भाचीनं शब्दकोश काढला आणि ‘जी-आर’चं पान उघडलं. तिला ‘ग्रॅनरी’ सापडला. आमच्या गावाची पाच अक्षरं, वर एक ‘आर’ आणि एक ‘वाय’. अर्थ बघितला, धान्याचं कोठार. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात याहून शोभेलसा शब्द कुठला? गोंदियाच्या इंग्रजी अक्षरांत एक ‘एल’ घातला तर होतं ‘लोडिंग’. गिरणीपुढं उभ्या ट्रकांशी रोज ऐकू येणारा शब्द.

शेवटी मी तिला राखून ठेवलेला शब्द दिला. अक्षरांची उलटापालट करून एका शब्दाचा दुसरा करणं, याला इंग्रजीत ‘ॲनाग्रॅम’ म्हणतात. त्याचं पहिलं अक्षर ‘ए’ आणि शेवटचं ‘एम’ तिला बोटानं झाकायला लावलं. मधे काय उरलं? एन, ए, जी, आर, ए. सरळ, ओळीनं, एकही अक्षर न हलता. या खेळाच्या नावातच आमचं गाव वसलेलं! भाची बराच वेळ त्या शब्दावरून बोट फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज भरला. पेपर सुटला, अगदी काठावर सुटला. पण लांब शब्द आला की ती आता पान उलटत नाही. आधी शेपूट धरते. तुम्हीही आज घरातल्या मुलांना आपल्या गावाचं नाव इंग्रजीत लिहायला सांगा आणि त्यांच्याशेजारी बसा. शब्दकोश मात्र जवळ असू द्या. एक शब्द शोधायला गेलेलं मूल दहा शब्द घेऊन परत येतं.